तीन पत्ती येते, मग थ्री कार्ड पोकर येईलच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या कारेलीबागेतला मुलगा, वय २६, सातम-आठमला (जन्माष्टमीच्या दिवसांत) सोसायटीत लहानपणापासून तीन पत्ती खेळत आलाय. डिसेंबरात ऑफिसच्या ग्रुपबरोबर गोव्याला चाललाय आणि एक संध्याकाळ मांडवीवरच्या कॅसिनो बोटीत घालवायची असं ठरलंय. कुणीतरी त्याला सांगितलं की तिथलं थ्री कार्ड पोकर म्हणजे आपली तीन पत्तीच, फक्त समोर डीलर असतो. तर हे किती दिवसांत शिकता येईल, काही ट्रिक आहे का, आणि टेबलवर चुकलं तर लोक हसतील का.

वय २६ म्हणजे माझ्या पुतण्याएवढा आहेस, म्हणून तू म्हणतो, राग मानू नकोस. मी नऊ वर्षं क्रूझ जहाजांवर पत्ते वाटले, त्यातली शेवटची तीन सुपरवायझर म्हणून, आता परत बडोद्याला येऊन दांडिया बाजारात भावाच्या दुकानात बसतो. म्हणजे मी हा गेम टेबलच्या पलीकडच्या बाजूने बघितलाय, पैसे जिंकायचे म्हणून फारसा खेळलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्याला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला हा गेम मी वीस मिनिटांत शिकवलाय. वेळ लागतो तो तुझ्यामाझ्यासारख्यांना, ज्यांचा तीन पत्तीवर हात बसलाय, कारण आपल्याला शिकायच्या आधी विसरायचं असतं. ब्लाइंड (पानं न बघता पैसे लावणं), चाल (बघून लावणं), साइड शो (शेजाऱ्याशी पानं पडताळणं), समोरच्याचा चेहरा वाचणं, खिशात दुर्री-सत्ती असताना बादशहासारखं बसणं, हे सगळं तीन पत्तीतलं खरं कौशल्य, आणि इथे त्यातलं काही म्हणजे काही चालत नाही. समोरच्या डीलरला काही ठरवायचंच नसतं. त्याची तीन पानं पालथी पडलेली असतात, त्यात काय आहे ते त्यालाही माहीत नसतं, तुमचा सगळ्यांचा निर्णय झाला की तो ती उलटतो. मला कितीतरी लोकांनी डोळ्यांत डोळे घालून बघितलंय, एकदा तर एक काका मला पाच मिनिटं हसवायचा प्रयत्न करत होते. काका, मला काय ठाऊक माझ्याकडे काय आहे!

आता गेम कसा चालतो ते. तू अँटेच्या गोलात पैसे लावतोस, आपल्या बूटसारखं समज, फरक एवढाच की बूट मध्ये जमा होतो आणि कुणीतरी आपल्यातलाच तो उचलतो, अँटे मात्र तुझ्या आणि हाऊसच्या, म्हणजे कॅसिनोच्या, मधलाच मामला. शफल मशिनमधून तीन-तीन पानांचे गठ्ठे येतात, तुला तीन, डीलरला तीन. पानं बघायची. आवडली नाहीत तर फोल्ड, म्हणजे टाकायची, अँटे गेला. आवडली तर अँटेएवढेच पैसे प्लेच्या चौकोनात ठेवायचे, जास्त नाही कमी नाही, आणि पानं त्याच्यापाशी पालथी ठेवायची. मग डीलर आपली पानं उघडतो. त्याच्याकडे निदान राणी किंवा तिच्याहून वरचं पान, नाहीतर जोडी किंवा त्याहून भारी काही असायला हवं, त्याला डीलर क्वालिफाय झाला म्हणतात. तेवढंही नसेल तर तुला अँटेवर एकास एक मिळतात आणि प्लेचे पैसे जसेच्या तसे परत, मग तुझी पानं त्याच्याहून हलकी असली तरी. क्वालिफाय झाला आणि तू भारी, तर अँटे आणि प्ले दोन्हींवर एकास एक. क्वालिफाय झाला आणि तो भारी, तर दोन्ही गेले. बस, एवढाच गेम. तुझ्या हातात एकच निर्णय, खेळायचं की टाकायचं.

आणि त्या एका निर्णयाचं उत्तर लोकांनी केव्हाच काढून ठेवलंय: राणी-छक्की-चव्वी. ह्याच्याएवढं किंवा ह्याहून भारी असेल तर खेळ, खाली असेल तर टाक. म्हणजे एक्का किंवा बादशहा असेल तर बाकीची दोन कितीही फालतू असली तरी खेळायचं. राणी असेल तर दुसरं पान बघ, सत्ती किंवा वर असेल तर खेळ, छक्की असेल तर तिसरं निदान चव्वी हवं, पंजी किंवा खाली असेल तर टाक. सगळ्यात मोठं पान गुलाम किंवा त्याहून लहान असेल आणि जोडी, कलर (तिन्ही पानं एकाच चिन्हाची), सिक्वेन्स (तीन पानं ओळीने) काहीच नसेल तर विचार न करता टाक.

तू ट्रिक विचारलीस, तर ही ती ट्रिक, पण नुसती पाठ करू नकोस, मागचं गणित एकदा बघ म्हणजे टेबलवर मन डगमगणार नाही. समज तुझ्याकडे गुलाम-अठ्ठी-तिर्री आलं आणि अँटे १०० रुपये आहे. टाकलंस तर १०० गेले, नक्की. खेळलास तर? डीलर साधारण दहातल्या सात वेळा क्वालिफाय होतो, तीन वेळा नाही. असे शंभर डाव खेळ. तीस वेळा तो क्वालिफाय होणार नाही, तुला शंभर-शंभर मिळतील, म्हणजे ३,००० आले. उरलेल्या सत्तर वेळा त्याच्याकडे राणी किंवा वरचं काहीतरी आहेच, म्हणजे तुझा गुलाम मेलाच, दर वेळी २०० गेले, १४,०००. हिशोब ११,००० रुपये तोटा. आणि शंभरही वेळा टाकलं असतंस तर तोटा १०,०००. म्हणजे गुलामावर ‘बघू तरी’ म्हणून खेळलेला प्रत्येक डाव साधारण दहा रुपये जास्तीचे खातो. राणी आली की चित्र जरा बदलतं, कारण डीलरकडेही नुसती राणीच असेल तर तू कधीकधी त्याला मारतोस, आणि ती सीमा बरोब्बर राणी-छक्की-चव्वीपाशी केसभराने ओलांडली जाते.

बरं, छक्की-चव्वी लक्षात नाही राहिली तरी आभाळ कोसळत नाही. नुसतं ‘राणी किंवा वर असेल तर खेळ’ एवढं धरलंस तरी हाऊसची बाजू (सरासरी कॅसिनोकडे जाणारा वाटा) अँटेच्या ३.३७ टक्क्यांवरून ३.४५ टक्के होते, एवढाच फरक. पण प्रत्येक डाव न बघता खेळलास तर ती सरळ ७.६५ टक्के होते. इथेच आपले तीन पत्तीवाले मार खातात. मी जहाजावर बघायचो, आपला माणूस आला, दोन डाव हरला, की पानं न उचलताच प्लेमध्ये चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) सरकवणार आणि आजूबाजूला बघणार, ‘ब्लाइंड!’ अरे, तीन पत्तीत ब्लाइंडला अर्थ आहे कारण ब्लाइंडवाल्याला निम्मे पैसे टाकावे लागतात, चालवाल्याला त्याच्या दुप्पट, म्हणून न बघण्याची किंमत वसूल होते. इथे बघून खेळलास तरी तेवढेच, न बघता खेळलास तरी तेवढेच. फुकटची संधी टाकून द्यायची आणि वर रुबाब दाखवायचा.

आता पानांचा क्रम, ह्याच्यावर मी जरा वेळ घेणार आहे कारण मी स्वतः ह्याच्यात तोंडघशी पडलोय. तीन पत्तीत सगळ्यात वर ट्रेल (तिन्ही पानं सारखी), मग प्युअर सिक्वेन्स (ओळीने तीन, तीही एकाच चिन्हाची), मग सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी. थ्री कार्ड पोकरमध्ये वरच्या दोघांची अदलाबदल होते, प्युअर सिक्वेन्स सगळ्यात वर आणि ट्रेल दुसरी. का, तर ५२ पानांतून तीन पानं उचलायचे एकूण २२,१०० प्रकार होतात, त्यात प्युअर सिक्वेन्स ४८ आणि ट्रेल ५२. चार प्रकारांचा फरक, पण जे कमी वेळा येतं ते वर, असा पोकरवाल्यांचा साधा न्याय. पुढे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४, आणि उरलेले १६,४४० नुसते सुटे पत्ते. म्हणजे चारातले तीन हात काहीच नसतात, हे ध्यानात ठेव, दहा मिनिटं काहीच येत नाहीये म्हणून मशिनवर संशय घेऊ नकोस. पाच पानांचं पोकर येणाऱ्यांचा उलटा गोंधळ होतो, त्यांच्याकडे कलर सिक्वेन्सला मारतो, तीन पानांत सिक्वेन्स दुर्मिळ म्हणून तो वर. ह्या बाबतीत आपण तीन पत्तीवाले बरोबर असतो.

माझी गोष्ट एक्का-दुर्री-तिर्रीची. आमच्या घरी, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक घरी, एक्का-राजा-राणी पहिला आणि एक्का-दुर्री-तिर्री दुसरा. तीन पत्तीचा जुना नातेवाईक म्हणजे इंग्रजांचा ब्रॅग, त्यात तर एक्का-दुर्री-तिर्री सगळ्यात वर धरतात. पण थ्री कार्ड पोकरमध्ये तो सगळ्यात लहान सिक्वेन्स. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं, पण डोक्यातली पंचवीस वर्षांची सातम-आठम कुठे जाणार? टेबलवर माझा दुसराच आठवडा, एका म्हाताऱ्या बाईंकडे एक्का-दुर्री-तिर्री, माझ्याकडे चव्वी-पंजी-छक्की, आणि मी हसत हसत त्यांचं अँटे आणि प्ले दोन्ही भरलं. त्यांनी चिप्स उचलल्या नव्हत्या तोवर मागून सुपरवायझरचा हात खांद्यावर. वर कॅमेरा बघणाऱ्यांचा फोन आला होता. डाव परत मांडला, पैसे परत घेतले, फक्त सिक्वेन्सचा बोनस त्यांना राहिला कारण तो हरलात तरी मिळतो. बाई बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हा तुझं इथे चुकणार, हे गृहीतच धर.

तो बोनस काय ते पटकन सांगतो. अँटे लावून खेळलास आणि सिक्वेन्स आला तर अँटेवर एकास एक जास्तीचे, ट्रेलला चारपट, प्युअर सिक्वेन्सला पाचपट, ही नेहमीची पद्धत. डीलर जिंको की हरो. वेगळं काही लावावं लागत नाही.

वेगळं लावावं लागतं ते पेअर प्लसचं, आणि तिथे परिस्थितीवर सगळं अवलंबून आहे, म्हणून सरळ हो किंवा नाही असं मी सांगू शकत नाही. पेअर प्लस म्हणजे डीलरचं काहीही होवो, तुझ्या तीन पानांत जोडी किंवा वरचं काही आलं तर पैसे. जोडीला एकास एक, सिक्वेन्सला सहा, ट्रेलला तीस, प्युअर सिक्वेन्सला चाळीस, हे बऱ्याच ठिकाणी सारखं दिसेल. फरक कलरमध्ये असतो. टेबलच्या कापडावर कलरपुढे ४ छापलेलं असेल तर हाऊसची बाजू २.३२ टक्के, म्हणजे अँटेपेक्षाही बरं. ३ छापलेलं असेल तर ७.२८ टक्के. एका आकड्याने तिपटीहून जास्त! कारण कलर १,०९६ प्रकारांनी येतो, ट्रेल आणि प्युअर सिक्वेन्स मिळून शंभर. लोक बघतात ते चाळीसकडे, आणि हाऊस कमावतं ते कलरमधून. मी बसायच्या आधी कापड वाचायचो, तूही वाच. ३ असेल तर पेअर प्लसचा गोल रिकामा सोड, कुणी काही म्हणत नाही.

रुपयांत सांगतो म्हणजे समजेल. ५०० चा अँटे धर आणि तासाला पन्नास डाव, भरलेल्या टेबलवर माझा साधारण एवढाच वेग असायचा. नीट खेळलास तर सरासरी ताशी ८४० च्या आसपास जातात. पेअर प्लसवरही ५०० लावत राहिलास आणि कलरला ३ असेल तर त्यात आणखी १,८२० जातात. दोन्ही मिळून अडीच हजारांच्या वर, तेही काही चूक न करता. सरासरी म्हणजे सरासरी बरं का, एका संध्याकाळी तू दहा हजार घेऊनही उठशील किंवा दहा हजार घालवूनही. पण घरच्या तीन पत्तीत पैसे घरातच फिरतात, आज काकी जिंकली उद्या मामा, इथे प्रत्येक डावाला थोडं थोडं एकाच बाजूला झिरपतं. तीनशे रुपयांचं सिनेमाचं तिकीट काढताना आपण ते परत मिळेल असं धरत नाही, तसंच एक रक्कम ठरव आणि ती वेगळ्या खिशात ठेव. मी अँटेच्या तीसपट तरी घेऊन बस म्हणतो, त्याहून फारच कमीत बसलास तर लवकरच उठावं लागू शकतं आणि मग मित्रांचे उसने मागायची पाळी. ती पाळी आली की माझं ऐक, उठ.

प्रॅक्टिसचं म्हणशील तर एक रविवार पुरे. घरात चिंचोके असतील ते घे, पंचवीसचा ढीग कर. पत्ते नीट पिस, तुला तीन, डीलरला तीन, एक चिंचोका अँटे. पानं बघ, मोठ्याने बोल ‘खेळ’ किंवा ‘टाक’, मगच डीलरची उघड. असे शंभर डाव. पहिल्या तीस डावांत तू राणी-पंजी-तिर्री खेळणार, बघच, कारण हाताला टाकायची सवय नसते. साठ-सत्तरनंतर हात आपोआप चालायला लागतो. जमलं तर आईला किंवा बहिणीला डीलर बनव आणि क्वालिफाय झालं की नाही ते तिला ओरडायला लाव, त्याने ते पक्कं बसतं. फोनवर फुकटचे गेम आहेत तेही चालतील, पैसे लावायच्या ऑनलाइन गेमच्या नादी लागू नकोस, २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने ते बंदच केलेत. आणि घरीही चिंचोकेच बरे, आपल्याकडे गुजरातेत जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे आणि श्रावणात पोलीस कशा धाडी घालतात ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक असेल.

एक गोष्ट परिस्थितीवर सोडावी लागेल. आपल्याकडच्या कॅसिनोंत कधीकधी ‘तीन पत्ती’ असंच नाव लावलेलं टेबल असतं, डीलरविरुद्ध खेळायचं, दिसायला अगदी हेच. तिथे ट्रेल वर की प्युअर सिक्वेन्स वर, एक्का-दुर्री-तिर्री कुठे, डीलरला क्वालिफाय व्हायला काय लागतं, हे त्या टेबलच्या नियमांवर आहे. क्वालिफायचा नियम बदलला तर राणी-छक्की-चव्वीचं गणितही बदलतं, तेव्हा बसायच्या आधी ह्या तीन गोष्टी डीलरला विचार. डीलर नियम सांगायला बांधलेला असतो. मात्र ‘मी खेळू का टाकू’ हे विचारलंस तर काही ठिकाणी सांगतात, काही ठिकाणी मनाई असते.

राहिला हसण्याचा प्रश्न. हसतात ते पानांवरून नाही, हातांवरून. पैसे डीलरच्या हातात देऊ नकोस, टेबलवर ठेव, तो हातातून घेऊच शकत नाही, कॅमेऱ्याला दिसायला लागतं. पानं एकदा वाटली की अँटेच्या चिप्सना हात लावायचा नाही, जिंकलास तरी डीलर भरेपर्यंत नाही. पानं टेबलच्या वरच धरायची, मांडीवर नाही, आणि शेजारच्या मित्राला ‘अरे बघ ना काय आलंय’ म्हणून दाखवायची नाहीत, सातम-आठमची ही सवय सगळ्यात आधी जाणवते. आणि उठताना डीलर ‘कलर?’ असं काहीतरी म्हणाला तर दचकू नकोस, छोट्या चिप्सच्या बदल्यात मोठ्या देऊ का एवढंच तो विचारतोय, तुझ्या पानांशी त्याचा संबंध नाही. बसताना सरळ सांग की पहिल्यांदाच खेळतोय. गर्दी नसेल अशी वेळ बघ, संध्याकाळी लवकर जा, दोनच माणसं असलेलं टेबल शोध. पहिल्यांदा बसलेल्या माणसाला डीलर पहिले पाच-सात डाव हळू वाटतो, मी तरी वाटायचो.